मॅडमचा ब्लॉक

मोहनराव, आई, मॅडमच्या घरची सगळी मंडळी, लॅबमधले माझे सहकारी, आणि मागच्या रांगांमध्ये बसलेल्या भगिनींनो,

मला बोलायची सवय नाही. माझं काम असं आहे की त्यात तोंड बंद ठेवावं लागतं. जोरात श्वास सोडला तरी हातातली वस्तू उडून जाते, इतकी ती पातळ असते. म्हणून मोहनराव म्हणाले, "पास्कल, तूही बोल," तेव्हा मी म्हटलं, "दुसऱ्या कुणाला सांगा." ते म्हणाले, "दुसरे काय बोलणार ते मला माहीत आहे. तू काय बोलशील ते माहीत नाही." मॅडमच्या नवऱ्यानेच असं म्हटल्यावर काय करणार? उभा राहिलो आहे. अडखळलो तर सांभाळून घ्या.

मी पास्कल. वसईतल्या होळी गावचा. तिथे आमची भाजीची वाडी आहे, तिथल्याच मराठी शाळेत मी शिकलो. सुनंदा मॅडमच्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागलो तेव्हा माझे सगळे केस काळे होते. आता आरशात पाहिलं की कळतं, किती वर्षं झाली ती.

एका सकाळचं आधी सांगतो. मॅडमना अग्नी दिला, त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. मी रोजच्यासारखा चर्चमध्ये पहाटेच्या मिस्सेला गेलो. मिस्सा झाल्यावर घरी चहाला गेलो नाही, सरळ लॅबला आलो. कुलूप उघडलं. ब्लॉकचं कपाट आहे, त्यातला एक ड्रॉवर ओढला आणि मॅडमचा ब्लॉक बाहेर काढला.

ब्लॉक म्हणजे काय, ते सांगायला हवं. ऑपरेशनमध्ये गाठ काढतात, तिचा छोटा तुकडा आमच्याकडे येतो. तो आम्ही मेणात बसवतो. काडेपेटीहून लहान ठोकळा होतो. तो वर्षानुवर्षं टिकतो. मॅडमना छातीची गाठ झाली होती हे इथे बऱ्याच जणांना माहीत आहे. त्या गाठीचा ब्लॉक आमच्याच लॅबमध्ये होता.

मी तो हातात घेतला. आम्ही ब्लॉक हातात फार वेळ धरत नाही, उबेने मेण मऊ पडतं. मी धरला. बराच वेळ धरला. मग होता तिथे ठेवला आणि ड्रॉवर लावून टाकला.

तो ब्लॉक मी कापायचा होता. मॅडम स्वतः मला सांगून गेल्या होत्या, "मी गेले की हा कामाला घे." आणि माझ्याच्याने तो कापवत नव्हता. मंडळी, आज मी जे बोलणार आहे ते या एका गोष्टीबद्दलच. मॅडमचा मोठेपणा सांगायला माझ्यापेक्षा शिकलेली माणसं इथे आहेत.

पण आधी आमचं काम काय, ते थोडं ऐकून घ्या. कंटाळवाणं वाटलं तर मॅडमची आठवण काढा. त्या कुणालाही कंटाळू देत नसत.

आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत हजारो तऱ्हेची प्रोटीन असतात. त्यातलं एखादं असतं की नसतं, किती असतं, यावरून औषध ठरतं. छातीच्या गाठीत एक प्रोटीन पाहतात. ते शरीरातल्या हार्मोनचा निरोप स्वीकारतं. ते असेल तर रोजच्या साध्या गोळीने गाठीला तो निरोप पोचू द्यायचा नाही, एवढं करता येतं. नसेल तर गोळीचा उपयोग नाही. म्हणजे ते आहे की नाही, हे कुणीतरी बरोबर पाहायला हवं. तेवढंच आमचं काम.

मॅडम तरुणपणी मुंबईला एका संशोधनाच्या लॅबमध्ये होत्या. तिथे वेगळी पद्धत. पेशी फोडायच्या, त्यांचा रस काढायचा, तो जेलीसारख्या थरातून विजेच्या जोरावर पळवायचा. प्रत्येक प्रोटीन आपापल्या वजनाप्रमाणे पुढेमागे थांबतं. मग हवं त्याची काळी पट्टी उमटते. पट्टी जितकी जाड, तितकं प्रोटीन जास्त. मी विचारलं होतं, "मॅडम, मग आपण तसंच का नाही करत? मोजमाप तर पक्कं मिळेल." त्या म्हणाल्या, "सगळ्या गावाचे तांदूळ एकाच जात्यात दळले, तर पीठ किती निघालं ते कळेल. कुणाच्या घरचा तांदूळ जुना होता, ते कळेल का?"

मी म्हटलं, "नाही."

"मला घर बघायचंय," त्या म्हणाल्या.

म्हणून त्यांनी इकडे वसईला येऊन दुसरी पद्धत धरली. पेशी फोडायची नाही. ब्लॉकमधून अगदी पातळ काप काढायचा, काचेवर घ्यायचा. त्याला आम्ही सेक्शन म्हणतो. त्यावर अँटिबॉडी नावाचं द्रव घालायचं. ते नेमकं त्या एका प्रोटीनला जाऊन चिकटतं, दुसऱ्या कशाला नाही. मग रंग द्यायचा. जिथे प्रोटीन, तिथे तपकिरी. जास्त असेल तर गडद, कमी असेल तर फिकट. मायक्रोस्कोपखाली एकेक पेशी दिसते. कुणाचं घर, ते दिसतं.

आणि यासाठी काय लागतं माहीत आहे? कुकर. हो, आपला घरातला, शिट्टीचा. तुकडा टिकावा म्हणून फॉर्मालिनमध्ये ठेवलेला असतो, त्याने प्रोटीन जखडून जातं. क्षार घातलेल्या पाण्यात दाबाखाली उकळलं की मोकळं होतं. आता मोठ्या लॅबमध्ये यंत्रं आली आहेत. आमच्याकडे अजून कुकर आहे, आणि मॅडम म्हणायच्या, त्याने काही अडत नाही.

आई, तुम्हाला आठवतं? तुम्ही एकदा केळफुलाच्या भाजीचा डबा घेऊन लॅबमध्ये आला होता आणि नेमकी शिट्टी झाली. आईंनी दारातच कमरेवर हात ठेवले. त्या त्यांच्या वाडवळीत बोलल्या, मी आपल्या साध्या मराठीत सांगतो. म्हणाल्या, "सुनू, घरी तू कधी कुकर लावला नाहीस. इथे कुणासाठी रांधतेस?"

मॅडम म्हणाल्या, "आई, पेशी शिजवतोय."

"मीठ घातलंस?"

"घातलंय."

"मग डबा परत नेऊ का मी?"

हसा, हसा. त्यांनाही आवडलं असतं.

अंड्याचंही सांगतो, कारण त्यातूनच पुढचं समजेल. सुरुवातीच्या दिवसांत उकळताना सेक्शन काचेवरून सुटून यायचे. चिकट लेप असलेल्या खास काचा मिळतात, त्या यायला उशीर झाला होता. मॅडम म्हणाल्या, "अरे, जुनी माणसं अंड्याचा पांढरा भाग लावायची. तुझ्या घरी कोंबड्या आहेत ना? आण." मी गावठी अंडी आणली. लेप लावला. सेक्शन असे बसले की हलेनात. आम्ही दोघं खूश. रंग दिला, मॅडमनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. सगळंच तपकिरी. पेशी तपकिरी, पेशींच्या मधली जागा तपकिरी, मोकळी काचसुद्धा तपकिरी. थोड्या वेळाने कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगं बाई! पास्कल, आपण कोंबडी मोजली." अंड्यातलंच एक प्रोटीन आमच्या रंगाच्या रसायनाला धरून बसलं होतं. "कल्पना माझी," असं त्या पुढे प्रत्येक शिकाऊ डॉक्टरला स्वतःहून सांगायच्या. "मी कोंबडीला कॅन्सरची गोळी सुरू करणार होते," म्हणायच्या.

पण ती चूक कशी पकडली गेली? कंट्रोलमुळे. पेशंटच्या सेक्शनशेजारी, त्याच काचेवर, आम्ही आणखी एक छोटा तुकडा ठेवतो. त्यात कुठे रंग यायला हवा आणि कुठे येता कामा नये, हे आम्हाला आधीच ठाऊक असतं. तो कंट्रोल. तोही त्याच कुकरमध्ये शिजतो, त्याच अँटिबॉडीत भिजतो. त्याच्यात सगळं जागेवर असेल, तरच पेशंटचा निकाल खरा मानायचा. मॅडमचा नियम होता, आधी कंट्रोल पाहायचा, मग पेशंट. मी चुकून पेशंटची बाजू आधी लावली तर म्हणायच्या, "आधी साक्षीदाराला बोलाव."

आणि एक गोष्ट मी त्यांच्याकडूनच शिकलो. गडद रंगाचा कंट्रोल मिळणं सोपं. पण त्याने फार कळत नाही. रसायन थोडं अशक्त झालं, तरी गडद ते गडदच दिसतं. खरा कस लागतो फिकट कंट्रोलवर. ज्याच्यात प्रोटीन थोडं आहे, पण नक्की आहे. तो दिसला तर समजावं, आपलं काम ठीक चाललंय. तो पुसला गेला, तर आपण कुणाचं तरी थोडं असलेलं "नाही" म्हणून लिहिणार आहोत. असा ब्लॉक शोधून सापडत नाही. सापडला तर लॅबवाले सोन्यासारखा जपतात.

आता मॅडमच्या आजाराचं.

त्यांची गाठ निघाली तेव्हा तुकडा आमच्याकडेच आला. दुसरीकडे पाठवा म्हणून सगळ्यांनी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिकडे पाठवूच. पण पास्कल लावेल ती काचही मला बघायचीय." मी लावली. रोज काम सुरू करताना मी मनात देवाचं नाव घेतो आणि क्रूसाची खूण करतो. मॅडम तेवढा वेळ थांबायच्या, मग म्हणायच्या, "झालं तुझं? चल, कर सुरू." त्या दिवशी म्हणाल्या, "आज जरा लवकर आटप, पेशंट घाबरलाय." एवढंच.

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून पाहिली. दोन जणांना एकदम पाहता येतं असा मायक्रोस्कोप आहे. आधी साक्षीदार. ठीक होता. मग त्यांची स्वतःची. मला काहीच दिसेना. तपकिरी कुठेच नाही, सगळं निळसर. मी काच पुढे सरकवायला लागलो. त्या म्हणाल्या, "घाई करू नको. डोळा बसू दे." आम्ही बसून राहिलो. मग हळूहळू दिसायला लागलं. एका पेशीत, शेजारच्या पेशीत, मग बहुतेक सगळ्यांत. चहात दूध जास्त पडलं की जसा रंग होतो, तसा. त्या म्हणाल्या, "आहे. थोडं आहे, पण आहे." बाहेरच्या डॉक्टरांनीही तेच लिहिलं.

गोळी सुरू झाली. त्यानंतर त्या किती वर्षं आपल्यात होत्या, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. लॅब चालवली. वाडीतल्या मोगऱ्याच्या कळ्या स्वतः खुडून आणल्या. मोहनरावांशी भांडल्या. सांगा मोहनराव, भांडल्या की नाही? आणि शेवटी गेल्या त्या गाठीने नाही. झोपेत हृदय थांबलं. गाठ तर केव्हाच हरली होती. मला याचं फार समाधान आहे, आणि ते समाधान आहे असं शोकसभेत म्हणायला मला संकोच वाटत नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी लॅबच्या गच्चीवर आम्ही चहात पाव बुडवून खात होतो. त्यांनी मध्येच विचारलं, "पास्कल, माझा ब्लॉक किती उरलाय?"

"कशाला विचारता?"

"विचारते म्हणून सांग."

"भरपूर आहे."

"मग मी गेल्यावर तो कंट्रोलला घे. असा फिकट तुला जन्मात मिळायचा नाही."

"मॅडम, सकाळी सकाळी असलं बोलू नका."

"बरं. दुपारी बोलते."

आणि खरंच दुपारी बोलल्या. डबा उघडता उघडता. मी म्हटलं, "मग आत्ताच घेऊ या की, जायची वाट कशाला बघायची?" म्हणाल्या, "नको. माझा तुकडा आहे कळल्यावर मी तुझ्या मानेवर बसेन. जाड कापलास, सुरकुती पडली, असं बोलत राहीन. मी नसताना निवांत काप." पुढे त्यांनी लॅबच्या नियमाप्रमाणे रीतसर संमतीही देऊन ठेवली. मोहनरावांच्या देखत. तेव्हा नियमाची काही अडचण नव्हती. अडचण माझी होती.

काय अडचण होती? दोन होत्या.

एक अशी. आम्ही ख्रिस्ती माणसं माणूस पुरतो. त्याची जागा असते. मृतांच्या दिवशी आम्ही तिथे मेणबत्ती लावतो, फुलं ठेवतो. मॅडमच्या घरी अग्नी देतात, अस्थी पाण्यात सोडतात. मागे काही ठेवत नाहीत. आणि इथे माझ्या ड्रॉवरमध्ये त्यांचा तुकडा राहिलेला. आगीपासून बाजूला राहिलेला. त्यांच्या घरच्यांना हे आवडेल का? मला त्यांच्या घरचे संस्कार पूर्ण माहीत नाहीत. पण माहीत नसलेल्या गोष्टीत हात घालायला मी भितो.

दुसरी अडचण सांगायला जड जाते. ब्लॉक कापला की संपतो, मंडळी. रोज थोडा. फार पातळ काप असतो, त्यामुळे पुष्कळ चालतो, पण संपतो. न कापता ठेवला तर तो तसाच राहणार. मला वाटत होतं, मी हात लावला नाही, तोवर मॅडम ड्रॉवरमध्ये आहेत. आमच्या देवळात वेदीत संताचा अवशेष ठेवलेला असतो. लहानपणी आम्हाला सांगायचे, तिथे हळू बोला. त्या ड्रॉवरपाशीही मी हळू बोलायला लागलो होतो. कळतंय ना तुम्हाला? मी त्या कपाटाची वेदी करत होतो.

दहाव्याच्या दिवशी मला मोहनरावांनी बोलावलं होतं. मी बाजूला उभा होतो. पिंड ठेवला, आणि कावळा लगेच आला. अगदी लगेच. वाट पाहायला लावली नाही. सगळ्यांना बरं वाटलं. कुणीतरी म्हणालं, "सुनंदाताईची काही इच्छा राहिली नाही." मी खाली मान घातली. कारण एक राहिली होती. ती माझ्याकडे होती.

त्या दरम्यान लॅबमध्ये काम अडलं. अँटिबॉडीची नवीन बाटली आली. नवीन बाटली आली की ती आधी फिकट कंट्रोलवर लावून पाहायची, मगच पेशंटला वापरायची, हा मॅडमचाच नियम. आमचा जुना फिकट ब्लॉक मॅडमच्या शेवटच्या दिवसांतच संपला होता. रेश्मा आमच्याकडे टेक्निशियन आहे, तुळिंजहून येते, तिकडे बसलीय ती. ती मला म्हणाली, "सर, बाटली व्हॅलिडेट कशावर करू? स्ट्राँग कंट्रोलवर काय, सगळंच भारी दिसणार."

मी म्हटलं, "बघतो. दुसऱ्या लॅबमधून मागवतो."

"सर, एक विचारू? तो मॅडमचा..."

"नाही."

"ओके सर. सॉरी."

दुसऱ्या दोन लॅबना विचारलं. त्यांच्याकडेही फिकट नव्हता. दिवस चालले होते. एक बाई होत्या. मनवेलपाड्याला राहतात, एवढंच सांगतो. त्यांचा तुकडा आमच्याकडे आला होता, आणि रिपोर्टशिवाय त्यांचे डॉक्टर पुढचं ठरवू शकत नव्हते. त्या काउंटरवर आल्या. "भाऊ, झाला का?" मी म्हटलं, "एक तपासणी राहिली आहे, ताई." काही दिवसांनी परत आल्या. सोबत नवरा होता, तो बाहेर उभा राहिला. त्या माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "वाईट आहे, म्हणून सांगत नाही का?"

"नाही हो ताई. खात्री नाही, म्हणून सांगत नाही."

"मग खात्री कधी होते?"

खात्री ड्रॉवरमध्ये होती. किल्ली माझ्या खिशात होती.

त्याच संध्याकाळी मी मॅडमच्या घरी गेलो. मोहनराव आणि आई ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं. ब्लॉक आहे, तो कापायचा आहे, तो संपणार आहे. तुमची हरकत असेल तर अजून थांबू, मी शोधाशोध करीन. आईंनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "मला काय विचारतोस, बाबा? मला विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं. तिला ते ठाऊक होतं. म्हणून तिने मला नाही सांगितलं, तुला सांगितलं."

मी म्हटलं, "मग आता?"

"आता काय? चहा घे."

मोहनराव मला फाटकापर्यंत सोडायला आले. मी त्यांना माझ्या मनातलं विचारलं. म्हटलं, "मोहनराव, त्यांची ही इच्छा राहिली होती. मग कावळा लगेच कसा शिवला?"

त्यांनी फाटक उघडायला घेतलं. फाटकाची कडी हातात होती. मग म्हणाले, "पास्कल, ते काम तिने तुझ्यावर सोपवलं होतं. तिच्या दृष्टीने ते झालेलंच होतं."

मी घरी चालत आलो. गाडी त्यांच्या दारातच राहिली होती, हे घरी पोचल्यावर लक्षात आलं.

मंडळी, आता मी आवरतो. आपण सगळे उभे राहून मॅडमसाठी थोडा वेळ शांत राहू. ज्यांचा जो देव असेल, त्याला मनातल्या मनात हाक मारा. कुणी देव मानत नसेल, त्याने नुसतं शांत राहावं. मॅडम स्वतः त्यातल्याच होत्या, आणि तरी माझी प्रार्थना होईपर्यंत रोज थांबायच्या.

उभं राहण्याआधी शेवटचं सांगतो. आई, तुम्हीही ऐका.

या आठवड्यात मी तो ड्रॉवर उघडला. ब्लॉक बर्फावर ठेवला, म्हणजे मेण घट्ट होतं. नेहमीसारखी क्रूसाची खूण केली. मॅडम थांबल्या आहेत असं मला वाटलं, पण मी जास्त वेळ घेतला नाही. कापला. पहिला काप सुरकुतला, तो टाकला. दुसरा नीट आला. कोमट पाण्यावर सोडला, काचेवर घेतला. त्यावर नव्या बाटलीची परीक्षा घेतली, ती उतरली. मग आणखी एक काप काढून दुसऱ्या काचेवर घेतला, आणि त्याच काचेवर खाली मनवेलपाड्याच्या त्या ताईंचा सेक्शन घेतला. दोघी एकत्र कुकरमध्ये गेल्या.

रंग झाल्यावर मॅडमच्या जागी आलेल्या आमच्या नव्या डॉक्टरांनी आधी मॅडमकडे पाहिलं. मग त्या ताईंकडे. मग रिपोर्टवर सही केली. ताईंच्या रिपोर्टात काय आलं, ते मी इथे सांगणार नाही. तो त्यांचा आहे, आणि तो त्यांच्या हातात पोचला आहे.

मॅडमचं सांगायला हरकत नाही. फिकट तपकिरी, बहुतेक सगळ्या पेशींत. बाकीची काच स्वच्छ.